डुकराच्या रुपयाची माळ

आमचे सर नाणं पाहायला बसले की आधी टेबलावर जाड टॉवेल पसरतात. हातून निसटलंच तर नाणं लादीवर पडू नये म्हणून. मग चष्मा पुसतात, भिंग पुसतात, हात धुऊन कोरडे करतात, आणि हे सगळं होईपर्यंत नाणं आणणाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. मी यवतमाळच्या कोर्टात वकिली करण्यात केस पांढरे केले. निकालाच्या दिवशी माझ्या अशिलांच्या तोंडावर जे दिसतं, तेच सरांसमोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर दिसतं. फरक एवढाच, की सरांच्या निकालावर अपील नाही.

सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक देवधर्माला लागतात किंवा सुनेच्या स्वयंपाकात खोड्या काढतात. सरांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांना इंग्रजांच्या काळातल्या चांदीच्या रुपयांचं वेड आहे. राणीचा रुपया, बोडक्या राजाचा रुपया, मुकुटवाल्या राजाचा रुपया. आमच्या भागातली जुनी माणसं याच नावांनी ते ओळखतात आणि सरही तीच नावं वापरतात. रविवारी सकाळी आम्ही तीनचार जण त्यांच्याकडे जमतो. कुणी दारव्ह्याच्या बाजारातून काही आणलेलं असतं, कुणी वणीच्या सराफाकडून. सर नाण्याचा दर्जा सांगतात. किंमत विचारली तर म्हणतात, "ते सराफाले विचारा. मी नाणं पाहतो."

दर्जा म्हणजे नाणं किती झिजलं आणि किती जसंच्या तसं राहिलं याचा हिशेब. सर सांगतात, नाण्यावर जे सगळ्यात उंच असतं ते सगळ्यात आधी झिजतं. म्हणून राणीच्या रुपयावर आधी तिच्या कानाजवळची केसांची बट पाहायची. बोडक्या राजाचा कान आणि दाढी पाहायची. मुकुटवाल्याच्या मुकुटाची कड पाहायची. मग नाणं काठाला धरून दिव्याखाली हळूहळू कलतं करायचं. टांकसाळीतून निघाल्यापासून कुणाच्या हाती न लागलेल्या नाण्यावर उजेड गोल फिरतो. हाताळलेल्या नाण्यावर तो जागच्या जागी थांबतो. पहिल्यांदा मला असा फिरणारा उजेड दाखवला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. सर म्हणाले, "बसा, बसा. राणी आली नाही."

माझा स्वभाव मात्र या कामाला फारसा बरा नाही. जन्म बाजू मांडण्यात गेला. नाणं हातात आलं की मी त्याची वकिली सुरू करतो. गाल जरा सपाट आहे, पण अक्षरं पाहा. काठ ठेचलाय, पण रंग काय सुंदर आहे. लग्नाच्या स्थळाची माहिती मध्यस्थ जशी सांगतो, तसं माझं सुरू होतं. सर सगळं ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, "वकीलसाहेब, हे नाणं आहे, तुमचा अशील नाही." आणि मी सांगितलेल्या दर्जाच्या दोन पायऱ्या खालचा दर्जा देतात. माझंच नाही, स्वतःच्या नाण्यांचंही ते तसंच करतात. त्यांच्याकडचा एक बोडक्या राजाचा रुपया आम्हा सगळ्यांना फार आवडायचा. एका रविवारी त्यांनीच तो आमच्यासमोर भिंगाखाली धरला, त्यावरची केसाएवढा ओरखडा दाखवला आणि आपल्याच हाताने त्याचा दर्जा उतरवला. कुणी विचारलंही नव्हतं. घरचं माणूस समजून सांभाळलेल्या नाण्याबद्दल असं वागायला छातीच लागते.

त्यांना खरा राग येतो तो एकाच गोष्टीचा. लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे घरोघरी चांदीचे रुपये धुतात. चिंच लावायची, राखेने घासायचं, लखलखीत करून पाटावर मांडायचे. मळके रुपये लक्ष्मीपुढे कसे ठेवायचे? सरांच्या मते त्या एका संध्याकाळी जिल्ह्यात जेवढी नाणी मरतात, तेवढी शंभर वर्षांच्या चलनात मरत नाहीत. जुन्या चांदीवर आपोआप धरलेला करडा-निळा रंग म्हणजे नाण्याची कातडी, आणि आपण ती दरवर्षी सोलतो. लोकांची दिवाळी ती सरांची शोकसभा. नातेवाइकांकडे फराळाला गेले तरी त्यांची नजर देवघराकडे जाते आणि चिवडा घशात अडकतो.

हे सगळं सांगितलं कारण मागच्या वर्षी याच माणसाला घेऊन मला आत्याकडे जावं लागलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. दारव्ह्याच्या पुढे तिचं गाव आहे. घरी कापूस, सोयाबीन, तूर. वय ऐंशीच्या पुढचं, पण आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या वावरातला गडी उभा राहतो. तिच्याकडे रुपयांची एक माळ आहे. तिच्या लग्नात माझ्या आजोबांनी करून दिलेली. प्रत्येक रुपयाला सोनाराकडून कडी लावून घेतली आणि सगळे लाल गोफात ओवले. राणी, बोडका राजा, मुकुटवाला राजा, सगळी मंडळी एका रांगेत. पूर्वी आत्या ती रोज घालायची; आता लग्नकार्यात आणि पोळ्याला बैलांची पूजा करताना ती माळ तिच्या गळ्यात असते. लहानपणापासून मी तिला पोळ्याच्या दिवशी त्या माळेशिवाय पाहिलेलं नाही.

तर झालं असं, की माझ्या आतेभावाने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. तो दारव्ह्याच्या रस्त्यावर सवारीची जीप चालवतो. जीप आता इतकी थकली आहे की चढावर सवाऱ्यांना उतरावं लागतं. व्हिडिओत एक जण सांगत होता, की डुकराचा रुपया ज्याच्याकडे असेल त्याचं नशीब उघडलं. आतेभावाने रात्री आईची माळ काढून पाहिली तर मधोमध तोच रुपया.

ही डुकराची गोष्ट मात्र खरी आहे. मुकुटवाल्या राजाचा पहिला रुपया निघाला तेव्हा त्याच्या झग्यावर एक बारीक हत्ती कोरलेला होता. हत्तीची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना ते डुक्कर वाटलं. बोंबाबोंब झाली. सरकारने ते रुपये परत घेऊन वितळवले आणि पुढच्या वर्षापासून हत्तीला धड सोंड दिली. तोवर जे लोकांच्या हाती गेले होते तेवढे राहिले. अशा नाण्यामागे संग्राहक हात धुऊन लागतात.

आधी आतेभावाचा फोन आला. "भाऊ, एकच त रुपया काढाचा हाये. बाकी माळ तशीच राहीन. बुढी आयकूनच नाही राह्यली. तुमी त्या सराले आणा. ते म्हणतीन का अस्सल हाये, मंग तिलेबी बोलाले जागा नाही."

अर्ध्या तासाने आत्याचा फोन. तिने आधी मला, मग मोबाइलला, मग व्हिडिओ करणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या दिल्या. मग म्हणाली, "एक काढला का दुसरा निंघन, मले माईत नाही का? मधातला दात पडल्यावर तोंड कसं दिसते? तू त्या तुह्या सराले घेऊन ये. तो खोटं बोलत नाई म्हनतं ना तू? त्याच्या तोंडून एकदा निंघू दे का हे काही कामाचं नाही. मंग याच्या डोक्यातलं खूळ जाईन."

म्हणजे दोन्ही पक्षकारांनी एकच साक्षीदार मागितला होता, आणि दोघांनाही त्याच्याकडून उलट साक्ष पाहिजे होती. वकिलाच्या आयुष्यात असा योग क्वचित येतो.

कापूस वेचणीचे दिवस होते. गाडीत मी सरांना सगळं सांगितलं आणि शेवटी हळूच म्हटलं, "सर, एक शब्द बोलायचाय फक्त. खराब. म्हातारीचा जीव त्या माळेत आहे."

सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "न पाहताच?"

"न पाहताच."

"मग मले कायले नेता? तुम्हीच सांगा. तुम्हाला सवय आहे."

पुढे दारव्हा येईपर्यंत मी तूर किती छान आली आहे यावर बोलत राहिलो.

आत्याच्या अंगणात कापसाचा ढीग होता. ओसरीवर खाट टाकलेली. सरांनी पिशवीतून टॉवेल काढला, खाटेवर पसरला आणि हात धुवायला पाणी मागितलं. आत्याने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असावं, पूजा सांगायला आले की काय. मग तिने आतून माळ आणली आणि टॉवेलवर ठेवली. स्वतः उंबऱ्याजवळ डोक्यावर पदर घेऊन बसली. आतेभाऊ खांबाला टेकून उभा. मी दोघांच्या मधे, कुणाकडेच न पाहता.

सरांनी माळेतला एकेक रुपया काठाला धरून उलटसुलट पाहिला. घाई नाही, बोलणं नाही. चहा आला, त्यावर साय धरली. डुकराच्या रुपयापाशी ते थांबले, भिंग जवळ नेलं, लांब नेलं, नाणं उजेडात कलतं केलं. मला गाडीतलं सगळं बोलणं आठवत होतं आणि मनातून मी त्यांची विनवणी करत होतो.

"हो," सर म्हणाले. "तोच आहे. अस्सल आहे."

आतेभावाने मांडीवर थाप मारली. "पाह्य व माय! म्या काय म्हणत होतो?"

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी गावात आलोच कशाला असं मला झालं.

"थांबा," सर म्हणाले. "माझं व्हायचं आहे अजून." त्यांनी आतेभावाला जवळ बोलावलं आणि भिंग त्याच्याच हातात दिलं. "ही कडी तापवून जोडली आहे. तापवल्यामुळे मुकुटाची ही कड वितळून बसली. दिसली? मागची बाजू सपाट झाली आहे, तिथे फुलांची वेल असते ती दिसतही नाही. वरून दरसाल चिंच आणि राख. नाणं दुर्मीळ आहे, पण संग्राहक याला हात लावणार नाही. याला दर्जाच देता येत नाही. खराब म्हणून बाजूला ठेवतात. सराफ घेईल, पण वितळवायला."

"कडी काढली त?"

"कडी निघेल. डाग निघणार नाही. पॉलिश कराल तर उरलंसुरलंही जाईल."

आतेभाऊ भिंगातून बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने भिंग टॉवेलवर ठेवलं आणि कापसाच्या ढिगाला टेकून खाली बसला. "जाऊ द्या," तो म्हणाला. "जीप ढकलू अजून एक साल." वाईट माणूस नाही तो. रोज त्या चढावर सवाऱ्यांची बोलणी खाऊन कंटाळलेला माणूस आहे.

मी मनातल्या मनात केस जिंकली होती. सरांना खोटं बोलावं लागलं नाही, आत्याची माळ वाचली, जे आजवर संग्राहकांच्या दृष्टीने पाप होतं तेच कामाला आलं. मी हसत आत्याकडे वळलो. आत्या उभी होती. पदर खांद्यावर घसरलेला.

"खराब?" ती म्हणाली.

तिने टॉवेलवरच्या माळेकडे बोट केलं.

"खराब म्हनते हा माणूस? माह्या बापानं सोनाराच्या दुकानात दिवसभर बसून या कड्या लावून घेतल्या. पाणी प्याले उठला नाही तो, का सोनार रुपये बदलून टाकीन म्हणून. घरात मयत होवो का दुष्काळ पडो, म्या हे कधी गहाण ठेवलं नाही. पोळ्याले चिचेनं धुते, राखीनं घासते, आपल्या हातानं. अन् हे खराब? चोरीचा माल हाये का?"

"आत्या," मी म्हटलं, "तुला हेच तर पाहिजे होतं ना?"

"मले माळ पाह्यजे होती," आत्या म्हणाली. "शिव्या नव्हत्या पाह्यजे."

तिचा आवाज फुटला. इतक्या वर्षांत मी आत्याला रडताना पाहिलं नव्हतं. माझ्या वडिलांच्या वेळीसुद्धा तिने सगळ्यांना दटावून कामाला लावलं होतं. मी सरांकडे पाहिलं, डोळ्यांनी खुणावलं. एखादा गोड शब्द बोलायला काय जातं? मी असतो तर त्या माळेला दिल्लीच्या म्युझियममध्ये बसवलं असतं.

सरांनी चष्मा काढला. "आत्याबाई, बोललेलं मला परत घेता येत नाही. नाणं खराबच आहे."

मला वाटलं, आता इथून चहा न पिता निघावं लागणार.

"पण मी मघापासून एक गोष्ट पाहतोय, तीही सांगतो," ते पुढे म्हणाले. "बाजारात फिरलेला रुपया दोन्हीकडून झिजतो. राजाही झिजतो, वेलही झिजते. हजार हात लागतात ना. तुमच्या माळेतल्या प्रत्येक रुपयाची मागची बाजू साफ सपाट आहे, अन् पुढची राणी, पुढचा राजा सगळे नाकीडोळी नीट. एकही रुपया याला अपवाद नाही. म्हणजे हे बाजारात झिजले नाहीत. अंगावर झिजले. माळ कधी उलटी पडू दिली नाही तुम्ही. इतकी वर्षं नाणी पाहिली, पण एकाच माणसाच्या अंगाने झिजलेली मी आजवर पाहिली नाहीत. याला काय म्हणायचं ते मला येत नाही. येत असतं तर सांगितलं असतं."

सरळच लिहितो, मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला. गोड बोलणारे मी पैशाला पासरी पाहिलेत, त्यांच्यातच माझी रोजीरोटी आहे. समोर म्हातारी रडत असताना आपला शब्द न सोडणं, आणि तरी तिच्यासाठी त्याच नाण्यात पुन्हा शोधत राहणं, हे मला कधी जमलं नसतं. मी खोटं बोलून मोकळा झालो असतो, आणि आत्याला ते तिथल्या तिथे कळलं असतं.

आत्याने पदराने डोळे पुसले. मग खाटेजवळ आली आणि एक रुपया उलटा करून त्याच्या सपाट बाजूवर अंगठा फिरवला. पुढचा उलटा केला. त्याच्या पुढचा.

"तुमच्या घरी हायेत ना असे लय रुपये?" तिने सरांना विचारलं.

"आहेत."

"ते कोण घालते?"

"कुणी नाही. डबीत असतात. काठाला धरून पाहतो आणि ठेवून देतो."

"बिच्चारे," आत्या म्हणाली.

सर हसले. मोठ्याने, पोट धरून हसले. रविवारच्या बैठकीत त्यांना इतकं हसताना आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. हसू थांबल्यावर म्हणाले, "आत्याबाई, मी खाटेवर टाकलेली माळ पाहिली. गळ्यातली पाहिली नाही. दाखवता का?"

"आज काय सण हाये?"

"नाही."

तिने थोडा विचार केला. मग पदर नीट केला, माळ उचलून गळ्याशी धरली, राणी-राजे पुढे करून, आणि दोन्ही हातांनी गोफाची टोकं मानेमागे नेली. हात खांद्याच्या वर जाईनात. तिने पुन्हा प्रयत्न केला. पोळ्याला तिला माळ कोण बांधून देत असेल, हे मला कधी सुचलंही नव्हतं. मी उठायला लागलो, पण आतेभाऊ माझ्याआधी कापसातून उठला. अंगाला लागलेला कापूस झटकला, आईच्या मागे गेला आणि तिच्या हातातून ती टोकं घेतली.

"गाठ मारू का?" त्याने विचारलं.

"दोन मार," आत्या म्हणाली. "अन् सोडाची घाई करू नोको."

तिची मान हलू नये म्हणून दोन्ही मनगटं तिच्या खांद्यांवर टेकवून, हळूहळू, त्याने दोन गाठी मारल्या.